काही नाही, हिंडायलोय

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. दुपारी दोनच्या सुमारास बातम्या पाठवून घरी आलो, तर पोरगं पलंगावर आडवं आणि हातात त्याच्या आईचा मोबाइल. स्क्रीनवर एक मोटारसायकल चाललेली. मी जेवलो, जरा पडलो, उठून चहा घेतला, तरी ती मोटारसायकल चाललेलीच. ना कुणाशी शर्यत, ना मारामारी, ना कोपऱ्यात कुठला आकडा वाढत होता. रस्ता, पूल, वस्ती, परत रस्ता.

म्हणालो, "अरे, काय करायलास तासभर?"

"काही नाही पप्पा, हिंडायलोय."

"गेममध्येसुद्धा नुसता हिंडतोस? त्यात तरी काहीतरी कर की!"

मान वर न करता म्हणाला, "काही करायचं नाही ना यात. म्हणून तर चांगलाय."

वीस वर्षं पुढाऱ्यांना प्रश्न विचारून पोट भरतोय, पण नववीतल्या पोराच्या या उत्तरावर मला पुढचा प्रश्न सुचला नाही. तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून लिहितोय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

मोबाइल गेम म्हटलं की आपल्याकडं चर्चा दोनच प्रकारची होते. पहिली पैशाची. ऑगस्टमध्ये केंद्रानं कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केले. त्याआधी जुलैमध्ये विधिमंडळातल्या रमीच्या व्हिडिओनं महिनाभर सगळ्यांचं मनोरंजन झालं. पैशाच्या गेमनं घरं बसलेली मी स्वतः पाहिली आहेत, त्या कायद्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसरी चर्चा बंदीची. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांसी ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्या पोरांना मोबाइल बंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. दोन्ही बातम्या मी कौतुकानं वाचल्या होत्या. वडगावचा प्रयोग तर मला आजही आवडतो, कारण तिथं मोठी माणसंही मोबाइल ठेवतात.

पण या सगळ्यात एक प्रश्न कुणी विचारत नाही, मीही विचारला नव्हता. पोरगं त्या स्क्रीनमध्ये नेमकं जातंय कुठं?

माझं पोरगं जे खेळतं तो 'इंडियन बाइक्स ड्रायव्हिंग'. आपल्याच देशात बनलेला, कोट्यवधी वेळा डाउनलोड झालेला, साध्यातल्या साध्या मोबाइलवर चालणारा. तुमच्या घरात दहा ते सोळा वयाचं पोरगं असेल तर त्याला विचारा, माहीत नसेल तर मला सांगा. गेममध्ये एक फोन असतो. त्यावर ठरावीक नंबर लावला की हवी ती गाडी समोर हजर, बुलेटपासून विमानापर्यंत. आमच्या गल्लीतल्या पोरांना पाढे येत नाहीत, पण हे नंबर तोंडपाठ. बाकी गेममध्ये फार काही नाही. चित्रं ओबडधोबड, माणसं ठोकळ्यासारखी चालतात. तरी पोरं तासन् तास तिथं.

अशा गेमना 'ओपन वर्ल्ड' म्हणतात. म्हणजे एक अख्खं जग समोर मोकळं सोडलेलं. पुढं काय करायचं, कुठं जायचं, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं.

मग मला आठवलं की हे मी स्वतः केलेलं आहे. २००४-०५ ला औरंगाबादेत पत्रकारितेची पदविका करत होतो. खोलीजवळ एक कॅफे होता, तासाला पंधरा रुपये. तिथं 'जीटीए व्हाइस सिटी' असायचा. २००२ साली आलेला गेम, १९८६ सालातलं मायामीसारखं शहर, समुद्रकिनारा, गाडीत रेडिओ. गोष्ट गुंडगिरीची होती, पण आमच्यातल्या कुणालाच ती गोष्ट पुढं न्यायची नसायची. गाडी पकडायची, रेडिओ लावायचा आणि किनाऱ्यानं हिंडायचं. आष्टीकडचा एक मित्र लाल सिग्नलला गाडी थांबवायचा. आम्ही हसायचो. तो म्हणायचा, "आपल्या गावात सिग्नल नाही, इथं तरी पाळू दे." महिन्याच्या शेवटी मेसचे पैसे थकलेले असायचे, पण पंधरा रुपये काढून एक तास त्या किनाऱ्यावर जायचंच. तेव्हा त्याला कुणी व्यसन म्हटलं नाही, कारण घरी कुणाला माहीतच नव्हतं.

आता दुसरी बाजू. माझा थोरला भाऊ पुण्यात असतो. मे महिन्यात पोरगा तिकडं गेला होता. चुलतभावाकडं चांगला कॉम्प्युटर, त्यावर 'असॅसिन्स क्रीड ऑडिसी'. २०१८ चा गेम, जुना ग्रीस देश, बेटं, देवळं, जहाजं. बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीचा एक स्टुडिओ पुण्यातही आहे. मी म्हटलं, आता हा ओबडधोबड मोटारसायकलवाला गेम सुटला. पहिले दोन दिवस रोज फोन: "पप्पा, समुद्राचं पाणी आतपर्यंत दिसतंय! पप्पा, पुतळ्याच्या डोक्यावर चढलो!" चौथ्या दिवशी फोन नाही. मीच लावला. म्हणाला, "सोडला तो. पप्पा, ती तर शाळाच आहे."

शाळा कशी, ते पुतण्यानं समजावून सांगितलं. एवढा मोठा नकाशा, त्यावर जिकडंतिकडं प्रश्नचिन्हं. तिथं जायचं. छावणी असेल तर तिथला सरदार मारायचा, पेटी उघडायची, यादीतली कामं संपली की त्या जागेवर पूर्ण झाल्याची खूण. मग पुढचं प्रश्नचिन्ह. तिथं पुन्हा छावणी, पुन्हा सरदार, पुन्हा पेटी. गोष्ट पुढं न्यायची तर आधी पातळी वाढवायची, आणि पातळी वाढवायची तर असलीच कामं करायची. पुतण्याला स्वतःला तो गेम फार आवडतो. दीडशे तास खेळलाय. त्याच्या मते माझ्या पोराचं चुकलं, त्यानं यादीकडं लक्षच द्यायचं नव्हतं. गंमत म्हणजे बनवणाऱ्यांनीही त्यात एक वेगळी सोय ठेवली आहे. ती निवडली की कुठं जायचं याची खूण दिसत नाही, नुसतं तोंडी सांगतात: अमक्या बेटाच्या पूर्वेला, तमक्या देवळाच्या खालच्या अंगाला. आपण खेड्यात पत्ता विचारतो तसं. पुढं लिंबाचं झाड लागंल, तिथून खाली उतरा.

मग मी रात्री जागून व्हिडिओ पाहिले, पुतण्याला छळलं, थोडं खेळून पाहिलं. मला जे कळलं ते असं.

मोठेपणाचा काही संबंध नाही. 'नो मॅन्स स्काय' नावाचा गेम २०१६ मध्ये आला. त्यातले ग्रह मोजायचे तर अठरावर अठरा शून्यं. एका जन्मात काय, पृथ्वीवरच्या सगळ्यांना मिळूनही बघून व्हायचे नाहीत. पण आला तेव्हा लोकांची तक्रार हीच की दहा ग्रह पाहिले की अकराव्यावर नवीन काय? सगळे कॉम्प्युटरनं गणितानं घडवलेले, एकाचा रंग निळा तर दुसऱ्याचा जांभळा. पुढं कंपनीनं वर्षानुवर्षं फुकट सुधारणा करून तो गेम सावरला, हेही खरं. पण पहिला धडा तोच. जागा भरपूर असून चालत नाही, एक जागा दुसरीपेक्षा वेगळी असावी लागते.

दुसरा धडा निन्टेंडोच्या 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड'चा, साल २०१७. त्यात उंच मनोऱ्यावर चढलं की नकाशा उघडतो, पण तो जवळजवळ कोरा. डोंगर, नदी, दरी दिसते. कुठं काय आहे हे लिहिलेलं नसतं. वर उभं राहून आपण बघायचं, ते लांब काहीतरी चमकतंय, आणि स्वतःच्या हातानं खूण करायची. मग चालायला लागायचं. कुठल्याही कड्यावर चढता येतं, पण पाऊस आला की हात सटकतो, थांबावं लागतं. तो पाऊस तुमच्यासाठी आलेला नसतो. आला म्हणून आलेला असतो. आणि हेच मला महत्त्वाचं वाटलं. जे जग सारखं आपल्याकडंच बघत बसतं, इकडे ये, हे कर, शाबास, त्यात माणूस थकतो. जे जग आपल्या नादात असतं, त्यात हिंडावंसं वाटतं.

त्याच गेममध्ये लपवलेल्या ९०० बिया आहेत. दगडाखाली, झाडाच्या शेंड्यावर, कुठंही. चुकून एखादी सापडली की आनंद होतो. पण नऊशेच्या नऊशे गोळा करणाऱ्याला बक्षीस काय? शेणाच्या पोच्या आकाराची सोनेरी वस्तू! बनवणाऱ्यांनीच चेष्टा केलीये. बाबा रे, हे मोजायला ठेवलेलं नव्हतं.

हे वाचलं तेव्हा मला माझं हसू आलं आणि जरा लागलंही. कारण माझा धंदाही तसाच झालाय.

पूर्वी मोटारसायकल काढायची आणि तालुक्यात निघायचं. बातमी ठरलेली नसायची. २०१९ च्या दुष्काळात एका चारा छावणीवर जनावरं मोजायला गेलो होतो. कागदावरचा आणि दावणीवरचा आकडा जुळतो का, एवढंच बघायचं होतं. तिथं जनावरांच्या शेजारीच घरच्यांबरोबर मुक्कामाला असलेल्या दोन पोरी शेणाच्या ढिगाकडं पाठ करून दहावीचा अभ्यास करत बसलेल्या. त्यांची बातमी केली. आकड्याची बातमी कुणाच्या लक्षात नाही, त्या पोरींची अजून लोक काढतात. ती मला कुठल्या यादीत मिळाली नव्हती. आता सकाळी उठलो की व्हॉट्सॲपवर यादी तयार: निवेदन, आंदोलन, सत्कार, वाढदिवस, पुन्हा निवेदन. दिवसाला आठ बातम्या आणि दोन व्हिडिओ. एक झालं की खूण, दुसरं झालं की खूण. संध्याकाळी सगळ्या खुणा पूर्ण असतात आणि जिल्ह्यात आज काय झालं हे मला ठाऊक नसतं.

आता मुख्य मुद्द्यावर येतो.

३० ऑक्टोबर २०२३ ला बीडमध्ये जे झालं ते तुम्हाला माहीत आहे. जाळपोळ, संचारबंदी, नेट बंद. पोरगा सातवीला होता. घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. तो गेम नेटशिवाय चालतो. पोरगं खिडकीखाली बसून मोटारसायकल चालवत होतं आणि खूश होतं, कारण नेट बंद असल्यानं मधे जाहिराती येत नव्हत्या. मी त्या रात्री फोनवर बातमी सांगत होतो. त्याच्याकडं बघून मला राग आला होता, की बाहेर काय चाललंय आणि याचं काय चाललंय.

मग ९ डिसेंबर २०२४. मस्साजोगच्या सरपंचांची हत्या. त्यानंतर या जिल्ह्याचं नाव देशभर कशासाठी घेतलं गेलं, ते सांगायला नको. आमच्या घरात एवढाच फरक पडला की पोराची सायकल जिन्याखाली गेली. कुणी सांगितलं नाही, ठराव झाला नाही. संध्याकाळी सहानंतर नको, हायवेकडं नको, अमक्या गल्लीत नको, तमक्याच्या पोराबरोबर नको. करता करता त्याचा नकाशा शाळा, शिकवणी आणि घर एवढाच उरला. त्यातही प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न: आडनाव काय? २०२५ मध्ये बीड पोलिसांनी आपल्या टेबलांवरच्या पाट्यांवरून आडनावं काढली, नुसती नावं ठेवली. मी ती बातमी केली होती. पण पाट्या पोलिसांच्या टेबलावरच्या गेल्या, आपल्या तोंडातल्या कुठं गेल्या?

पोराला मी एकदा सहज विचारलं, त्या गेममध्ये तुला आवडतं काय? खूप वेळ विचार करून म्हणाला, "कुठंपण जाता येतं. कोण अडवत नाही. कोण विचारत नाही, कोणाचा म्हणून."

यानंतर मी काय बोलणार?

सुट्टी संपायच्या आधी एके सकाळी त्याला म्हणालो, चल, गाडी काढतो, हिंडून येऊ. कुठं? ठरवायचं नाही. त्याची आई म्हणाली, "अहो, निदान डबा तरी न्या." डबा घेतला.

मांजरसुंब्याचा घाट चढून चौकात आलो. सरळ गेलं तर चौसाळा, डावीकडं केज, उजवीकडं पाटोदा. पोरगं मागून म्हणालं, "डावीकडं मस्साजोगच ना?" म्हटलं, हो. जरा वेळ कुणीच बोललो नाही. मग तो म्हणाला, "उजवीकडं चला."

बालाघाटाचं पठार, लांबवर पवनचक्क्या, सीताफळाची झाडं. मी सुरू झालो. हे बघ, या बाजूला नायगावचं मोरांचं अभयारण्य. ते बघ, पुढं गेलं की सौताड्याचा धबधबा, विंचरणा नदी. ही सप्टेंबरच्या अतिवृष्टीत खरडून गेलेली जमीन. पाच-सात किलोमीटर ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "पप्पा, तुम्ही त्या पुण्याच्या गेमसारखं करायलात. सारखं प्रश्नचिन्ह. गप चला की."

गप झालो. सोपं नव्हतं.

एका ठिकाणी डांबरी सोडून कच्चा रस्ता फुटला होता. तो म्हणाला, इकडं. गेलो. फरशी पूल अर्धा वाहून गेलेला. गाडी ढकलत ओढ्यातून काढली, बूट भिजले. पुढं चढावर पंधरा-वीस घरांची वस्ती. बहुतेक दारांना कुलपं. टोळ्या ऊसतोडीला गेलेल्या. एका ओट्यावर म्हातारी बाई, शेजारी दहा-अकरा वर्षांचा नातू. माय-बाप कोयता घेऊन गेलेले, ते एप्रिलच्या आसपास परत. नातवाच्या हातात मोबाइल. पोरगं वाकून बघतंय तर तोच गेम!

पुढची वीस मिनिटं त्या दोघांना आम्ही नव्हतोच. याला माहीत नसलेले दोन नंबर त्याला माहीत होते, त्याला माहीत नसलेला एक याला. म्हातारीनं पाणी दिलं, सीताफळं दिली. मग तिनं विचारलंच, "कोणाचं म्हनायचं पाव्हणं? आडनाव काय तुमचं?"

तिच्या विचारण्यात काही वाकडं नव्हतं. आपल्याकडं ओळख अशीच काढतात, माझी आईही हेच विचारायची. पण माझ्या घशात काहीतरी अडकलं. मी तोंड उघडायच्या आत पोरगं स्क्रीनवरून नजर न काढता म्हणालं, "बीडचे आहोत, आज्जी."

म्हातारी म्हणाली, "बरं बरं. लांबून आलाव." आणि आणखी एक सीताफळ त्याच्यासमोर ठेवलं.

परत येताना त्याला विचारायचं होतं की तू मुद्दाम तसं म्हणालास का. विचारलं नाही. दिवसभरात दुसऱ्यांदा गप बसलो.

याचा अर्थ गेम चांगले, मोबाइल द्या पोरांना, असं मी म्हणत नाहीये. डोळे जातात, अभ्यास जातो, आमच्याकडंही त्यावरून भांडणं होतात. मोटारसायकलवरून फिरवून आणलं की सगळं ठीक होतं, असंही नाही. दुसऱ्या दिवशी तो परत पलंगावर आणि हातात मोबाइल. पण भोंगा वाजवताना, ठराव करताना एवढं लक्षात ठेवू. खेळण्याबरोबरच ज्या पोराकडून आपण हिंडायची जागा काढून घेतोय, त्याला दुसरी कुठली देणार? बाहेर आपण त्याच्यासाठी काय ठेवलंय? शाळेची यादी, शिकवणीची यादी, स्पर्धा परीक्षेची यादी, आणि कुठं जायचं नाही त्या गल्ल्यांची यादी. गेममध्ये असलं असेल तर चौथ्या दिवशी पोरं तो सोडून देतात. हे जग सोडून कुठं जातील?

सतरा सप्टेंबरला बीडला रेल्वे आली. पिढ्यान् पिढ्या वाट पाहिली आपण. छान झालं. आता जिल्ह्याबाहेर जाता येईल. जिल्ह्यात हिंडता यायला काय लागेल, ते आपल्यालाच बघावं लागणार आहे.

गेल्या रविवारी सायकल जिन्याखालून काढली. हवा भरली, ब्रेक लावून घेतले. म्हणाला, मित्राबरोबर खजाना बावडीला जाऊन येतो. चारशे वर्षांपूर्वीची विहीर, दुष्काळातही आटत नाही म्हणतात. त्याच्या आईनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, साडेपाचला घरात पाहिजेस. खालून मित्रानं बेल वाजवली. वरून एक नवाच पोरगा दिसला, आधी कधी पाहिलेला नव्हता. कोणाचा, हे ओठावर आलं होतं. नाव तेवढं विचारलं.

साडेपाच वाजले. पावणेसहा झाले. आम्ही दोघं गॅलरीत, एकमेकांशी न बोलता. सहाला पाच कमी असताना दोन सायकली कोपऱ्यावरून वळल्या.

"उशीर का झाला? काय करत होतात?"

"काही नाही. हिंडत होतो."